अल्मोडा, खंडाळा आणि अल्पायुषी नृत्यशाळांचा वारसा

पढंत
काठगोदामला रेल्वे सोडायची आणि पुढे घाटाच्या रस्त्याने वर चढत जायचे, तेव्हा कुठे कुमाऊँतले अल्मोडा येते. या छोट्या डोंगरी गावापासून सुमारे तीन किलोमीटरवर, सिमतोला येथे, नर्तक उदयशंकर यांनी १९३८ मध्ये ‘उदयशंकर इंडिया कल्चर सेंटर’ या नावाने नृत्यशाळा स्थापन केली. कथकलीसाठी शंकरन नंबुदिरी, भरतनाट्यमसाठी कंदप्पा पिळ्ळै, मणिपुरीसाठी अमुबी सिंह आणि संगीतासाठी उस्ताद अल्लाउद्दीन खाँ अशी गुरुमंडळी त्यांनी तेथे बोलावली. जोहरा सैगल आणि उदयशंकरांच्या फ्रेंच सहनर्तकी सिमकी शिकवीत होत्या. गुरुदत्त, शांती बर्धन, सचिन शंकर, नरेंद्र शर्मा, शांता गांधी, लक्ष्मी शंकर ही सगळी नावे या शाळेशी जोडलेली आहेत.

एवढे असूनही दुसरे महायुद्ध संपायच्या आत शाळा बंद पडली. निधी आटला, देशातले वातावरण अस्थिर झाले आणि खुद्द उदयशंकर चित्रपटाकडे वळले.

संस्था म्हणून हा प्रयोग फसला असे माझे मत आहे. ज्या शाळेचे सारे काही एका माणसाच्या प्रतिभेवर, त्याच्या ओळखींवर आणि त्याच्या नावाने येणाऱ्या देणग्यांवर चालते, ती शाळा म्हणजे त्या माणसाचे लांबलेले शिबिरच असते. तरीही तिच्या वारशाबद्दल आजही आदराने लिहिले जाते, म्हणून प्रश्न विचारावासा वाटतो की इतक्या अल्पायुषी नृत्यशाळेला यशस्वी म्हणावे का, आणि म्हणायचे झाले तर कोणत्या कसोटीवर?

---

ठायलय
पढंत, विषय उत्तम आहे, पण ‘लांबलेले शिबिर’ हे मला मान्य नाही. शिबिरात शिकवणाऱ्याला जे येते ते शिकवले जाते. अल्मोड्यात पाच वर्षांचा अभ्यासक्रम आखलेला होता आणि त्यातला सर्वांत मोलाचा भाग ठरावीक नृत्ये बसवण्याचा नव्हताच.

तेथील सामूहिक वर्गाची सुरुवात चालण्याने होत असे. ढोलाच्या ठेक्यावर सगळ्यांनी वर्तुळात चालायचे, पुढच्याचे आणि आपले अंतर ठेवायचे, लय बदलली की पाऊल बदलायचे, पण चाल तुटू द्यायची नाही. ऐकायला हे सोपे वाटते. ज्यांनी कधी वीस जणांच्या वर्तुळात ठायीतून (संथ लयीतून) दुगुणीत (दुप्पट लयीत) जाताना अंतर सांभाळण्याचा प्रयत्न केला असेल, त्यांना ठाऊक असेल की पहिल्या दोन आवर्तनांतच कोणी तरी पुढच्याच्या टाचेवर चढलेले असते, कोणी तरी मागे राहिलेले असते आणि वर्तुळाचे भोपळ्यासारखे काही तरी झालेले असते. नजर समोर ठेवून पाठीमागच्याचे भान ठेवणे ही रंगमंचावरची पहिली गरज आहे, आणि ती एकेकट्याने तत्कार, म्हणजे कथकचे मूळ पदन्यास, घोटून येत नाही.

त्यापुढे एखादा विषय द्यायचा आणि विद्यार्थ्याने त्यावर तिथल्या तिथे हालचाल रचायची. आपल्याकडच्या शास्त्रीय शिक्षणात वर्षानुवर्षे गुरूचे ऐकून उचलायचे असते, स्वतःचे काही मांडण्याची मुभा फार उशिरा मिळते. अल्मोड्याने हा क्रम उलटा केला. जोहरा सैगल ड्रेस्डेनला आधुनिक नृत्याच्या जर्मन गुरू मेरी विगमन यांच्या शाळेत तीन वर्षे शिकून आलेल्या होत्या, आणि अशा शिकवण्याची घडी बसवण्यात त्यांचा मोठा वाटा होता.

म्हणून कसोटी कोणती, या प्रश्नाला माझे उत्तर असे आहे की तेथून बाहेर पडलेल्यांपैकी किती जण उदयशंकरांसारखे नाचले हे मोजू नका, किती जण त्यांच्यापेक्षा वेगळे काही करू शकले ते मोजा.

---

घुंगुरवाळा
चालायला शिकण्यासाठी पाच वर्षे द्यायला पालक कसे तयार झाले असतील? हल्ली पहिल्या महिन्याची फी भरताना विचारतात की स्नेहसंमेलनात कोणते गाणे बसवणार आहात आणि आमची मुलगी पहिल्या रांगेत असेल ना.

---

घाटमाथा
अल्मोड्याचा विषय निघाला की आपण मराठी माणसे आपल्या अंगणातली शाळा विसरतो, म्हणून आठवण करून देतो. त्याच १९३८ साली मॅडम मेनका यांनी खंडाळ्याला ‘नृत्यालयम्’ सुरू केले. मेनका म्हणजे लीला सोखी, माहेरच्या रॉय, जन्म १८९९ मधला आणि बंगालमधल्या बारिसालचा. पती साहिबसिंग सोखी मुंबईच्या हाफकिन संस्थेचे संचालक होते. प्रतिष्ठित घरातल्या बाईने कथक शिकून रंगमंचावर उभे राहणे ज्या काळात घरोघरी कुजबुजीचा विषय होत असे, त्या काळात त्यांनी पंडित सीताराम प्रसाद, अच्छन महाराज आणि लच्छू महाराज यांच्याकडे तालीम घेतली, स्वतःची मंडळी उभी केली आणि १९३६ पासून युरोपचा दीर्घ दौरा केला. बर्लिनच्या नृत्य-ऑलिंपियाडमध्येही त्यांची मंडळी नाचली. सरोदवादक सखावत हुसेन खाँ त्या दौऱ्यात त्यांच्याबरोबर होते.

दौऱ्यावरून परतल्यावर त्यांनी शाळेसाठी मुंबई न निवडता खंडाळा निवडले. कथकबरोबर तेथे कथकली आणि मणिपुरीही शिकवले जाई. ही शाळाही फार वर्षे टिकली नाही. १९४७ मध्ये मेनका गेल्या आणि त्यांच्याबरोबर तो अध्यायही संपला. आज खंडाळ्याला जाणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल की राजमाची पॉइंटखेरीजही या गावाला काही इतिहास आहे?

---

कौमुदी
घाटमाथा, खंडाळ्याचा उल्लेख केल्याबद्दल आभार. त्यात दमयंती जोशी यांचे नाव जोडायलाच हवे. १९२८ साली मुंबईत जन्मलेल्या दमयंतीबाई लहानपणीच मेनकांच्या मंडळीत दाखल झाल्या आणि त्यांच्याबरोबर युरोपला गेल्या. पुढे कथकच्या एकल सादरीकरणाला रंगमंचावर जी प्रतिष्ठा मिळाली, त्यात दमयंतीबाईंचा वाटा पहिल्या फळीतला आहे. संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि १९७० ची पद्मश्री हे त्याचे सरकारी दाखले. आपल्या गुरूंचे चरित्रही त्यांनीच लिहिले. शिरीन वजिफदार यासुद्धा खंडाळ्याच्याच विद्यार्थिनी. पारशी समाजातून भारतीय शास्त्रीय नृत्याकडे वळणाऱ्या त्या अगदी सुरुवातीच्या कलावंत.

मला येथे एक फरक दिसतो. अल्मोड्याने शैली मोडून नवे घडवण्याचे शिक्षण दिले. मेनका नृत्यनाट्ये रचीत होत्या, ‘मालविकाग्निमित्रम्’ त्यांनी कथकच्या भाषेत मांडले, पण त्यांच्या हाताखालून निघालेली सर्वांत मोठी विद्यार्थिनी कथकची एकल नर्तकी झाली. म्हणजे ज्या कारणासाठी शाळा काढली जाते तेच फळ तिला येते असे नाही.

---

चेंडा
दोन्ही शाळांबद्दल आदर ठेवून तिसरे उदाहरण मांडतो, कारण पढंत यांच्या मूळ प्रश्नाचे उत्तर मला त्यात सापडते.

केरळात महाकवी वळ्ळत्तोळ नारायण मेनन आणि मुकुंद राजा यांनी १९३० मध्ये कलामंडलम् स्थापन केले. त्यासाठी त्यांनी देणग्या मागितल्या, सोडत काढून तिकिटे विकली आणि काही वर्षांनी संस्था भारतप्पुळा नदीच्या काठावरच्या चेरुतुरुत्ती या खेड्यात नेली. अल्मोडा आणि खंडाळा यांच्या मानाने चेरुतुरुत्तीला ना हवा खाण्याची ख्याती, ना परदेशी पाहुण्यांची ये-जा. तरीही ही शाळा टिकली आणि आज ती अभिमत विद्यापीठ आहे.

का टिकली? पहिले कारण असे की वळ्ळत्तोळांनी १९४१ मध्ये ती कोचीन संस्थानाच्या सरकारकडे सोपवली. संस्थापकाने हयातीतच, अंगात उमेद असताना, आपली संस्था दुसऱ्याच्या हाती देणे ही सोपी गोष्ट नाही, आणि बहुतेक नृत्यशाळा याच पायरीवर अडतात. दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते. तेथे जे शिकवले जात होते ते त्या मातीतले होते. कथकलीची आट्टक्कथा (नाट्यसंहिता) पाठ असलेला प्रेक्षक, वेशभूषेचे कारागीर, चेंडा हा ढोल वाजवणारी घराणी आणि रात्रभर खेळ ठेवणारी देवळे हे सारे आसपास आधीच होते. शाळा बंद पडली असती तर हळहळणारा समाज भोवती उभा होता. अल्मोड्याच्या बाजारपेठेतल्या दुकानदाराला सिमतोल्यावरचे केंद्र बंद पडल्याने काय फरक पडला असेल?

---

ठायलय
चेंडा, आपले दुसरे कारण पटते, पण त्यातून निघणारा निष्कर्ष पटत नाही. शाळेने मातीतलेच शिकवावे असे म्हटले तर पंजाबात भरतनाट्यम आणि विदर्भात कथक शिकवणारे सगळे वर्ग आजच बंद करावे लागतील.

---

चेंडा
बंद करावेत असे मी म्हटलेले नाही. त्यांना आपला प्रेक्षक स्वतः घडवावा लागतो आणि त्याला एका पिढीहून अधिक काळ लागतो, एवढेच म्हणणे आहे. अल्मोड्याला तेवढी वर्षे मिळाली नाहीत.

---

पढंत
चर्चा मनासारखी चालली आहे. पैशाच्या बाजूबद्दल थोडे लिहितो, कारण ‘निधी आटला’ एवढेच म्हणून आपण पुढे जातो.

उदयशंकरांना मोठे पाठबळ मिळाले ते इंग्लंडमधल्या डेव्हन परगण्यातल्या डार्टिंग्टन हॉलच्या लिओनर्ड आणि डोरोथी एल्महर्स्ट या दांपत्याकडून. हेच लिओनर्ड एल्महर्स्ट १९२२ मध्ये रवींद्रनाथांच्या बोलावण्यावरून श्रीनिकेतनच्या ग्रामपुनर्रचनेच्या कामासाठी बंगालमध्ये येऊन राहिले होते. शहरापासून दूर, निसर्गात, शेती आणि कला एकत्र नांदवणारी शाळा ही कल्पना त्यांनी डेव्हनमध्ये प्रत्यक्षात आणली. उदयशंकर १९३६ मध्ये डार्टिंग्टनला राहिले तेव्हा तेथे जर्मन नृत्यकार कुर्ट योस यांचे बॅले आणि रशियन नट मायकेल चेखव यांचा अभिनयाचा वर्ग ही दोन्ही कामे चालू होती. म्हणजे बंगालमध्ये रुजलेली कल्पना डेव्हनला गेली आणि तेथून नवा साज चढवून हिमालयात परतली. या प्रवासाची मला गंमत वाटते.

पण असे पाठबळ ठरावीक काळापुरते असते आणि युद्ध सुरू झाल्यावर इंग्लंडमधून किती काळ मदत येत राहणार होती? गावात राहणाऱ्यांच्या फीवर अशी शाळा चालणे शक्यच नव्हते. दोन कसोट्यांची गल्लत होते आहे हे मला मान्य आहे. शिक्षणपद्धती म्हणून अल्मोड्याला मी नापास करत नाही. संस्था म्हणून मात्र माझे मत अजून बदललेले नाही.

---

मुद्राराक्षस
या धाग्यावर सगळेच कौतुकाच्या लयीत आहेत, म्हणून थोडा बेसूर लावतो.

कंदप्पा पिळ्ळै हे भरतनाट्यमच्या थोर नर्तकी बालसरस्वतींचे गुरू. तंजावरच्या परंपरेतला हा नट्टुवनार (भरतनाट्यमचा पारंपरिक गुरू) आपली तयार शिष्या मद्रासला ठेवून अल्मोड्याला गेला आणि १९४१ मध्ये त्याचे निधन झाले. ज्यांच्या अभिनयाला या शतकातही तोड मानली जात नाही अशा बालसरस्वतींच्या वाट्याला गुरूचा सहवास कमी आला, आणि त्या बदल्यात अल्मोड्यात तीन शैली चाखून पाहणाऱ्या विद्यार्थ्यांना अडवूंची, म्हणजे भरतनाट्यमच्या मूळ पदन्यासांची, ओळख झाली. अल्मोड्याच्या वारशाचा हिशेब मांडायचा असेल तर जमेच्या बाजूला गुरुदत्त लिहिताना खर्चाच्या बाजूला हेही लिहावे.

दुसरे असे की कथकली, भरतनाट्यम आणि मणिपुरी या प्रत्येकाला आठ-दहा वर्षांची बैठक लागते. तिन्ही एकदम शिकवल्यावर शरीराला कशाचीच सवय होत नाही. ठायलय यांनी वर्णन केलेला चालण्याचा वर्ग सुंदर आहे, पण चालता येणे म्हणजे नाचता येणे नव्हे.

---

कौमुदी
मुद्राराक्षस, कंदप्पांबद्दलचा मुद्दा वजनदार आहे आणि तो सहसा कोणी काढत नाही. पण त्यांच्याच तेथील शिष्यांत लक्ष्मी शंकर होत्या हेही सांगायला हवे. त्या भरतनाट्यम शिकल्या, उदयशंकरांचे भाऊ राजेंद्र शंकर यांच्याशी विवाह झाला, पुढे आजारपणामुळे नृत्य सोडावे लागले आणि त्या हिंदुस्थानी गायनाकडे वळल्या. त्यांची ठुमरी ऐकताना शब्दाला हात घालण्याची जी रीत जाणवते, तिच्यात अभिनयाच्या तालमीचा अंश असावा असे मला नेहमी वाटते. हा माझा ग्रह आहे, पुरावा नव्हे.

---

अंधेरीकर
मुद्राराक्षस यांना उत्तर म्हणून शांती बर्धन पुरेसे आहेत.

अल्मोड्याहून निघाल्यावर ते मुंबईत अंधेरीला इप्टाच्या (इंडियन पीपल्स थिएटर असोसिएशनच्या) मध्यवर्ती पथकात आले. १९४४ चे ‘स्पिरिट ऑफ इंडिया’ आणि १९४५ चे ‘इंडिया इम्मॉर्टल’ ही नृत्यनाट्ये त्यांनी तेथे उभी केली, दुसऱ्याचे संगीत रविशंकरांचे होते. बंगालच्या दुष्काळाचे सावट असलेल्या त्या वर्षांत नृत्याने भुकेबद्दल आणि गुलामीबद्दल बोलावे ही कल्पना प्रेक्षकांना नवी होती. १९५२ मध्ये त्यांनी लिट्ल बॅले ट्रूप स्थापन केली आणि ‘रामायण’ बसवले ते सगळे कळसूत्री बाहुल्यांच्या चालीत. नर्तकांना मुखवटे होते, त्यामुळे चेहऱ्यावरचा अभिनय उपयोगाचा नव्हता. मान, खांदा, कोपर आणि गुडघा यांना जणू दोरी बांधली आहे अशा तुटक, कोनाकोनांच्या हालचालींतूनच राम आणि रावण वेगळे करायचे होते. कोणत्याही एका शास्त्रीय शैलीत ही भाषा तयार सापडत नाही, ती अवयव सुटे करून पाहण्याच्या सवयीतूनच येते. १९५४ मध्ये क्षयाने शांतीदा गेले. संस्था त्यांच्या पत्नी गुल बर्धन यांनी पुढे ग्वाल्हेर आणि नंतर भोपाळला नेऊन २०१० पर्यंत, म्हणजे स्वतःच्या अखेरपर्यंत, जागती ठेवली.

सचिन शंकर यांनी १९५३ मध्ये मुंबईतच आपले बॅले युनिट काढले. नरेंद्र शर्मा दिल्लीला गेले, शाळेतल्या मुलांना शिकवीत राहिले आणि पुढे ‘भूमिका’ ही नृत्यसंस्था उभी केली. शांता गांधी नाटकाकडे वळल्या आणि भवाई या गुजराती लोकनाट्याचा बाज त्यांनी आधुनिक रंगमंचावर आणला. या चौघांपैकी एकाचेही काम दुसऱ्यासारखे नाही.

---

प्रभातफेरी
आणि पाचवे आमच्या पुण्यात आले! गुरुदत्त १९४४ मध्ये प्रभात फिल्म कंपनीत करारावर रुजू झाले आणि ‘हम एक हैं’ या १९४६ च्या चित्रपटात त्यांनी नृत्यदिग्दर्शन केले. त्यांच्या पुढच्या चित्रपटांत पात्रे गाण्यासाठी थांबत नाहीत, चालता चालता गाऊ लागतात. ठायलय यांनी सांगितलेला चालण्याचा वर्ग वाचल्यावर त्याचे मूळ कुठे असावे याबद्दल मला फारशी शंका उरलेली नाही. मुद्राराक्षस यांनी हवे तर हेही खर्चात लिहावे.

---

मुद्राराक्षस
गुरुदत्त जमेतच राहू द्या. अंधेरीकरांचा प्रतिसाद वाचून दुसऱ्या मुद्द्यावर मी थोडी माघार घेतो. पहिल्यावर नाही.

---

तिहाई
मी एका तालुक्याच्या गावी बरीच वर्षे कथकचा वर्ग चालवते, त्यामुळे या चर्चेकडे जरा वेगळ्या बाजूने पाहते.

आमच्यासारख्या वर्गांचा कणा म्हणजे गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा. प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, मग मध्यमा आणि त्यापुढे विशारद. परीक्षांमुळे पालकांना प्रगती दिसते, मुलींना वेळापत्रक मिळते आणि शिक्षिकेलाही मनाला येईल ते शिकवता येत नाही. परंतु मध्यमेच्या आसपास दहावी येते आणि वर्ग अर्धा रिकामा होतो. ज्या थोड्या उरतात त्या बारावीला जातात. विशारदपर्यंत पोचणारी मुलगी ही लहान गावात अपवादच असते.

म्हणून पढंत यांची ‘संस्था टिकली की नाही’ ही कसोटी मला अपुरी वाटते. माझ्या वर्गातून नर्तकी म्हणून नाव मिळवणारी कोणी निघेल की नाही, यावर मी वर्गाचे मोल ठरवू लागले तर उद्याच कुलूप लावावे लागेल. तालीम सुटलेल्या मुली पुढे प्रेक्षक म्हणून परत येतात. तबलजीने सम कुठे दाखवली हे त्यांना कळते आणि तिहाई (तीनदा येऊन समेवर संपणारा बोल) संपताच टाळी त्यांचीच पहिली येते. चेंडा यांनी म्हटलेला प्रेक्षक असाच तयार होतो, फक्त त्याची नोंद कुठे होत नाही.

पुण्यात रोहिणीताई भाटे यांनी १९४७ मध्ये नृत्यभारती सुरू केली तेव्हा शहरातसुद्धा कथकला मध्यमवर्गीय घरांत जागा नव्हती. लच्छू महाराज आणि मोहनराव कल्याणपूरकर यांच्याकडे शिकत त्यांनी स्वतःची बैठक पक्की केली, नृत्यावर मराठीतून लिहिले, आणि त्यांच्या शिष्यांनी व प्रशिष्यांनी कथक महाराष्ट्रातल्या लहान गावांपर्यंत नेले. १९३८ मध्ये खंडाळ्याला जे अवघड गेले ते पुढच्या पिढीला जमले याचे कारण, माझ्या मते, नियमित येणारी, जवळच राहणारी, फी भरणारी आणि शिकवणीनंतर घरी जाणारी विद्यार्थिनी हे आहे. निवासी शाळेला सगळ्यांचे जेवणखाण पोसावे लागते.

---

घुंगुरवाळा
शेवटच्या वाक्यावर माझी पहिली टाळी. वाचनखूण साठवली आहे.

---

पढंत
तिहाई, आपल्या प्रतिसादानंतर माझ्या प्रश्नाची मांडणी बदलायला हवी. चेंडा यांनी विचारलेला दुकानदाराचा प्रश्न मात्र अजून शिल्लक आहे. खुद्द अल्मोडा गावाला या शाळेने काय दिले? दिल्ली, मुंबई, भोपाळ आणि पुणे यांना काय मिळाले ते आपण लिहिले, पण गाव त्यात कुठेच नाही.

---

घाटमाथा
थोडेसे तरी दिले. अल्मोड्यात गाऊन सादर होणारी रामलीला उदयशंकर येण्याच्या कितीतरी आधीपासून होती. त्यांनी हीच कथा घेऊन छायानाट्य केले. मोठा पडदा, मागे प्रकाश आणि त्या दोहोंच्या मध्ये नर्तक. दिव्याच्या जवळ गेले की सावली अक्राळविक्राळ होते, पडद्याजवळ आले की माणसाएवढी. त्यामुळे एकाच आकाराच्या माणसांतून राक्षस आणि वानर दोन्ही उभे करता येत. आसपासच्या गावांतून लोक ते पाहायला येत. ज्यांची कथा पाठ आहे अशा प्रेक्षकांपुढे नवी रीत मांडण्यात उदयशंकर किती हुशार होते ते येथे दिसते. चेंडा यांच्या मातीच्या मुद्द्याला केंद्राने दिलेले हे उत्तर म्हणता येईल, फक्त ते एकच होते.

---

अंधेरीकर
शाळा आतून कशी होती हे पाहायचे असेल तर ‘कल्पना’ हा १९४८ चा चित्रपट पाहावा. हिमालयात कलाकेंद्र काढण्याचे स्वप्न पाहणाऱ्या नर्तकाची ही कथा उदयशंकरांनी मद्रासच्या जेमिनी स्टुडिओत चित्रित केली. केंद्राने जमवलेली नृत्ये त्यात टिकून राहिली. त्याची दुरुस्त केलेली प्रत २०१२ मध्ये कान महोत्सवात दाखवली गेली. कथा विस्कळीत आहे, संकलन कधी कधी डोके फिरवते, पण यंत्रांवरचे नृत्य पाहताना कंटाळा येत नाही.

आणि ‘बंद पडली’ याबद्दल एक दुरुस्ती. त्याच नावाचे केंद्र १९६५ मध्ये कोलकात्यात पुन्हा सुरू झाले आणि उदयशंकरांच्या पत्नी अमला शंकर यांनी ते दीर्घकाळ चालवले. अमलादी २०२० मध्ये, वयाची शंभरी ओलांडल्यावर गेल्या.

---

पढंत
म्हणजे नाव टिकले, पद्धत टिकली, माणसे टिकली, फक्त अल्मोडा टिकले नाही. ‘फसला’ हा शब्द मी मागे घेतो आणि ‘स्थलांतरित झाला’ असे म्हणतो. मुद्राराक्षस यांचा कंदप्पांबद्दलचा आक्षेप तसाच उभा आहे आणि त्याला या धाग्यावर कोणी उत्तर दिलेले नाही, हेही नोंदवतो.

---

चेंडा
उत्तर आहे, पण ते लांबेल. कलामंडलम् आणि नट्टुवनारांचे स्थलांतर यांवर वेगळा धागा काढतो, मुद्राराक्षस यांनी तेथे यावे.